सार्वजनिक घरांची दुरुस्ती आणि रहिवाशांशी संवाद (मराठवाडा)

सार्वजनिक घरांची दुरुस्ती : शासन, म्हाडा, सिडको, महापालिका किंवा नगरपरिषद यांनी बांधलेल्या घरांची डागडुजी, त्या कामावरची स्थानिक स्वराज्य संस्थेची देखरेख आणि त्याबाबत रहिवाशांशी होणारा पत्रव्यवहार व बोलणे, असा या नोंदीचा विषय आहे. मराठवाड्यात अशा घरांचे अनेक प्रकार आढळतात. सफाई कामगारांची निवासस्थाने, शासकीय कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स, म्हाडाच्या वसाहती, छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथील सिडको-हडको, भूकंपानंतर वसवलेली गावे आणि रमाई, शबरी व पंतप्रधान आवास योजनांतली घरकुले ही त्यांतली मुख्य. ही सगळी घरे बांधताना त्यांच्यासाठी निधी, आराखडा आणि उद्घाटनाची कोनशिला असते. वीस वर्षांनी स्लॅब गळू लागला की तो कोणी दुरुस्त करायचा, याचे उत्तर मात्र घरागणिक बदलते.

डागडुजी ही या प्रदेशाला नवी गोष्ट नाही. दगड-मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद, असे इथले जुने घर. मृग लागण्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकून, चोपून ते पावसाला तयार करायचे, ही घरच्यांची दरवर्षीची कामगिरी असे. काँक्रीटच्या सरकारी घरात हा रिवाज तुटला. घर ‘त्यांचे’, म्हणून दुरुस्तीही ‘त्यांची’, असा समज रहिवाशांत रुजला. दिलेले घर लाभार्थ्याचे, म्हणून दुरुस्तीही त्याचीच, असे कार्यालये धरून चालली. दुरुस्ती नेमकी कोणाची, हे दोन्ही बाजूंना कोणी एकत्र बसवून सांगितले नाही.

मालकीचा गुंता इतिहासातून आला आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हाडाचा कायदा १९७६ चा. मुंबईतल्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी म्हाडात स्वतंत्र दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. मराठवाड्यासाठी म्हाडाचे विभागीय मंडळ आहे, पण केवळ दुरुस्ती पाहणारी अशी यंत्रणा येथे नाही. सिडकोने १९७० च्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत नवी वसाहत उभारायला घेतली आणि २००६ मध्ये ती महापालिकेकडे सोपवली. रस्ते, पाणी, मलनिस्सारण महापालिकेकडे गेले. जमिनीचा भाडेपट्टा आणि हस्तांतराची परवानगी मात्र सिडकोकडेच राहिली. त्यामुळे ड्रेनेज तुंबले तर एक कार्यालय आणि घराच्या कागदासाठी दुसरे, असे दोन उंबरे झिजवण्याची सवय तिथल्या रहिवाशांना लागली.

संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत ग्रामीण गृहनिर्माण स्पष्ट नोंदलेले आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत नगररचना, झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय येतात; गृहनिर्माण असा वेगळा विषय येत नाही. त्यामुळे गरिबाचे घर शहरात बहुधा योजनेतून येते आणि योजनेची मुदत संपली की त्याच्याकडे पाहणारे टेबलही नाहीसे होते.

भाडेकरूच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची जागा भाडे नियंत्रण कायद्यात आहे. मराठवाड्यात आधी १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम वळती करू शकतो. पण शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागूच नाही. खासगी वाड्यातल्या भाडेकरूला मिळालेला हा साधा उपाय महापालिकेच्या चाळीतल्या भाडेकरूला नाही. हा भेद दुरुस्त व्हायला हवा.

महापालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ खाली आयुक्त धोकादायक इमारतीच्या मालकाला वा भोगवटादाराला, म्हणजे तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्याला, नोटीस देतात. कलम २६५-अ नुसार तीस वर्षांवरील इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र लागते. पावसाळ्यापूर्वी अशा नोटिसा निघतात आणि इमारतींची प्रतवारी होते. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करण्याजोगी, सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२ बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्त करता येणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ कामाची. इमारत महापालिकेचीच असेल तेव्हा नोटीस देणारा आणि घेणारा एकच ठरतो. तिथे उरतो तो फक्त भोगवटादार, आणि कागद त्याच्या दाराला चिकटतो. सी-२ ए आणि सी-२ बी यांतला फरक म्हणजे घर सोडायचे की नाही, हा कुटुंबाच्या जिवाचा प्रश्न. तो फरक साध्या मराठीत, आणि जिथे उर्दू वाचणारे रहिवासी अधिक आहेत तिथे उर्दूतही, समजावून सांगितला पाहिजे. नोटिशीत मात्र कलमांचे आकडे असतात.

मराठवाड्यात घर खराब होण्याची कारणेही स्थानिक आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतीलाही दरवर्षी नवी तिरपी चीर जाते. वरून पुट्टी भरून ती बुजत नाही, कारण हालचाल खालून होत असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की सपाट स्लॅब तापतो, जूनच्या पहिल्या सरीत अचानक थंड होतो आणि बारीक तडे मोठे होतात. त्यातून पाणी सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे खाली येतात.

दुसरे कारण पाण्याचे. अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ते साठवावे लागते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही त्याची टोकाची स्थिती. साठवण वाढली तशा गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. हजार लिटरची टाकी भरली की तिचे वजन एक टन. ती मूळ आराखड्यात नसलेल्या जागी, जुन्या स्लॅबच्या मधोमध बसली आणि तिचा जोड सतत ठिबकत राहिला, तर खालच्या घराला दोन्हीकडून त्रास. वरच्याची गरज खरी आणि खालच्याचे नुकसानही खरे. अशा भांडणात अभियंत्याने एकदा गच्चीवर चढून टाकीची जागा ठरवून दिली तर पुष्कळ काम होते.

तक्रारीचा प्रवास साधारण असा होतो. रहिवासी प्रभाग कार्यालयात अर्ज देतो. आवक क्रमांक पडतो, आणि पोचपावती मागितली तरच मिळते. कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन पाहणी करतो आणि शासकीय दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार होते. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश. काम झाले की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, त्यावरून ठेकेदाराचे देयक निघते आणि ठरलेल्या दोषदायित्व काळात काम बिघडले तर ते त्याने विनामूल्य दुरुस्त करायचे असते. या साखळीत पैशाची प्रत्येक कडी कागदावर येते. ज्याच्या घरात काम झाले त्याची सही मात्र कुठे लागत नाही. गळती थांबली की नाही हे एका पावसाळ्यानंतरच कळते, आणि ते ठाऊक असणारा माणूस देयकाच्या प्रक्रियेबाहेर असतो. मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीशेजारी रहिवाशाच्या अभिप्रायाचा एक रकाना असावा, ही सूचना छोटी वाटेल, पण देखरेखीचे निम्मे काम तिथेच होईल. दोषदायित्वाचा काळ कधी संपतो हे रहिवाशाला माहीत असणे त्याहून उपयोगाचे. ती तारीख ठाऊक नसल्याने पहिल्या ठेकेदाराने फुकट करायचे काम पुन्हा नव्या अंदाजपत्रकात शिरते.

लोकप्रतिनिधींची देखरेख स्थायी समिती, सर्वसाधारण सभा आणि प्रभाग समित्यांमार्फत चालते. मुख्य लेखापरीक्षकाचे अहवाल स्थायी समितीपुढे येतात. प्रत्यक्षात रहिवाशाचा खरा दुवा म्हणजे नगरसेवक. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे निवडणूक न होता प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात गळक्या छताची तक्रार सभागृहात मांडणारे कोणी नव्हते. जिल्हाधिकारी कार्यालयातला पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आणि माहितीचा अधिकार हे मार्ग खुले होते. माहितीचा अर्ज दहा रुपयांत, दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करता येतो; उत्तराची मुदत तीस दिवसांची. दुरुस्ती करून देण्याचे बंधन या अर्जाने येत नाही, पण अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत त्यातून हाती येते.

मालकीच्या सदनिकांत हा भार गृहनिर्माण संस्थेवर जातो. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) जमा करायचा असतो. बांधकाम खर्च आठ लाख धरला तर वर्षाला अनुक्रमे सहा हजार आणि दोन हजार रुपये. रोजंदारीवरच्या कुटुंबाला ही रक्कम जड आहे आणि घराचा ताबा देताना ती सांगितलीही जात नाही. बीड जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या महिन्यांत पाहणी झाली की नोंद होते ‘घर बंद’. पाहणीची तारीख ठरवताना गावाचे कॅलेंडर पाहिले तर ही नोंद टळते.

संवाद तुटला की काय होते याचे उदाहरण म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या विश्वासनगर-लेबर कॉलनीकडे पाहता येते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांतली ही शासकीय घरे. निवृत्त कर्मचारी आणि त्यांचे वारस तिथे राहत गेले आणि ताब्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. प्रशासनाने घरे जीर्ण व धोकादायक ठरवली आणि मे २०२२ मध्ये ती पाडली. कायद्याची बाजू न्यायालयाने पाहिली. या नोंदीपुरता प्रश्न असा की, घरे जीर्ण होत होती तेव्हा त्यांच्या दुरुस्तीबद्दल दोन्ही पक्ष एकमेकांशी काय बोलले?

ब्रिटनमध्ये सामाजिक घरांबाबत अलीकडे कायदा कडक झाला. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल दगावले. त्याच्या वडिलांनी आधी तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदी इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या. तातडीचा धोका चोवीस तासांत हाताळायचा. ओल व बुरशीची पाहणी दहा कामकाजाच्या दिवसांत करायची आणि पाहणीत काय आढळले ते पुढच्या तीन कामकाजाच्या दिवसांत भाडेकरूला लेखी कळवायचे. लेखी कळवण्याला तिथे दुरुस्तीइतकेच बंधन आहे, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

मराठवाड्याने मात्र दुरुस्तीबाबत रहिवाशांशी संवादाचा एक मोठा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी केला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती अंगावर कोसळल्या. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. त्याची चर्चा अधिक झाली, पण जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या त्याच कार्यक्रमात दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व बळकटीकरण घरमालकांच्या हातून करून घेण्यात आले. रक्कम हप्त्याने मिळे आणि अभियंता काम तपासे. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीचे आतले-बाहेरचे थर सांधणारे आडवे काँक्रीटचे दगड घालणे, खांब-तुळईला तिरके आधार देणे, अशी ती कामे होती. लोकांना ती पटत नव्हती. जुन्या दगडी भिंतीवरचा विश्वासच उडाला होता, आणि अनेकांनी त्या पैशांतून शेजारी सिमेंटची छोटी खोली बांधणे पसंत केले.

तेव्हा गावागावांत ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. त्या गावातल्याच बाया होत्या. यादीत नाव आहे का, हप्ता का अडला, अभियंता कधी येणार, दगड कुठे घालायचा, हे त्या घरोघर सांगत आणि लोकांच्या अडचणी ग्रामसभेपुढे व अधिकाऱ्यांपुढे नेत. त्यांच्यामागे महिला मंडळे उभी राहिली आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने या कामाला आधार दिला. घराच्या कामाबद्दल सरकारी अभियंत्याशी बाईने बोलणे ही त्या गावांत तेव्हा नवी गोष्ट होती. कार्यक्रम संपला तसे संवाद सहायकांचे काम थांबले. नगरपालिकांच्या किंवा महापालिकांच्या घरांसाठी तसे पद पुढे निर्माण झाले नाही. त्या महिला मंडळांपैकी अनेक पुढे बचत गट म्हणून चालू राहिली.