स्कॅनर, पेजर आणि परक्या आगीची खबर

१९९० च्या दशकात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या परिसरात काही माणसांच्या कमरेचा पेजर दिवसरात्र थरथरत असे. ही माणसं डॉक्टरही नव्हती आणि शेअर दलालही नव्हती. कुठे इमारत पेटली, कुठे गाड्या एकमेकींवर आदळल्या, कुठे पोलिसांनी रस्ता अडवला, याची ओळभर बातमी मिळावी म्हणून ती पदरचे पैसे मोजत. अमेरिकेत अशा शौकिनांना ‘फायर बफ’ म्हणतात.

हा नाद रेडिओपेक्षा जुना आहे. बॉस्टनमध्ये १८५२ साली तारायंत्रावर चालणाऱ्या आगीच्या पेट्या बसल्या. चौकातली पेटी वाजवली की तिचा क्रमांक तारेतून जाई आणि फायर स्टेशनातली घंटा तितके टोले देई. टोले मोजायचे, क्रमांक ओळखायचा आणि कोणत्या चौकात आग आहे ते बंबवाल्यांच्या बरोबरीने सांगायचं, ही बफ मंडळींची खरी फुशारकी. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कर्तव्य बजावताना जवानाचा मृत्यू झाला की पाच-पाच-पाच-पाच असा संकेत देतात, तो याच टोल्यांच्या जमान्यातला. बफ मंडळींना निव्वळ बघे म्हणणंही बरोबर नाही. बॉस्टनच्या शौकिनांचे क्लब मोठ्या आगीत जवानांना कॉफी पुरवणारी गाडी चालवत आले आहेत.

१९२८ मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून संदेश धाडण्याचा प्रयोग यशस्वी केला. संदेश एकतर्फी, म्हणजे गाडीने फक्त ऐकायचं. त्यांच्या केंद्राला पूर्वी मनोरंजनाच्या रेडिओचा परवाना होता, त्यामुळे पोलिसांना मध्येमध्ये गाणी लावावी लागत! हे संदेश मीडियम वेव्हच्या टोकाला लागूनच जात. १९३० च्या दशकातल्या बऱ्याच घरगुती संचांच्या तबकडीवर तर ‘पोलीस’ असं छापलेलंच असे. जेवणं आटोपली की लोक चोरी-मारामारीच्या वर्द्या ऐकत बसत.

अमेरिकेच्या १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टने ऐकण्यापेक्षा ऐकलेलं पुढे सांगण्यावर आणि त्यातून फायदा काढण्यावर बोट ठेवलं. भारतात असा छंद रुजला नाही, त्याचं मोठं कारण कायद्यातच आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी ॲक्टने परवान्याविना बिनतारी संच बाळगणं हाच गुन्हा ठरवला. घरातल्या साध्या रेडिओसाठीही पोस्टात फी भरून परवाना घ्यावा लागे, हे घरातल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलीस आणि बंब एफएम पद्धतीवर आणि बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सींवर गेले आणि साधे रेडिओ मुके झाले. मग आले स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी आपोआप चाचपून जिथे बोलणं चालू असेल तिथे थांबणारे रेडिओ. सुरुवातीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा क्रिस्टल विकत घेऊन बसवावा लागे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रिस्टल गेले, आकडे दाबून चॅनेल भरता येऊ लागले. तरीही मुख्य अडचण सुटली नाही: स्कॅनर जवळपासचंच ऐकतो, आणि नोकरीवर असलेला माणूस दिवसभर कान लावून बसू शकत नाही.

पेजर-जाळ्यांनी नेमकं हे कोडं सोडवलं. वेगवेगळ्या भागांतले सभासद घरी स्कॅनर ऐकत. काही मोठं कानावर आलं की ते केंद्राला कळवत, आणि तिथून संदेश सुटे. सगळ्या सभासदांच्या पेजरमध्ये एकच कॅपकोड, म्हणजे पेजरचा पत्ता, भरलेला असे. त्यामुळे एकदाच पाठवलेला मजकूर सगळ्यांच्या कमरेवर एकाच क्षणी वाजे. मजकूर तुटक: ठिकाण, घटनेचा प्रकार, रस्ता आणि आडवा रस्ता, किती बंब लागले. ‘टेन-सेव्हंटीफाइव्ह’ दिसलं की न्यूयॉर्कच्या बफला कळे, आग खरी आहे. माझ्या मते या जाळ्यांचं खरं भांडवल यंत्र नव्हतंच. शेकडो फुटकळ वर्द्यांमधून कळवण्याजोगी एक निवडणारा कान, हेच ते भांडवल. म्हणून तर टीव्हीवाले, फोटोग्राफर आणि विम्याचे दावे हाताळणारेही गिऱ्हाईक झाले.

कायद्याची गंमत इथेच आहे. अमेरिकेच्या १९८६ च्या केंद्रीय कायद्याने पोलीस-अग्निशमन दलांची उघडी बोलणी ऐकायला मुभा दिली, पण मजकूर दाखवणाऱ्या पेजरचे संदेश टिपायला मनाई केली. तांत्रिकदृष्ट्या मात्र ते संदेश पॉक्सॅगसारख्या, पेजरसाठीच्या ठरावीक पद्धतीने, कुलूपबंद न करता जात. स्कॅनर आणि संगणक जोडला की वाचता येत. १९९७ मध्ये न्यू जर्सीच्या ‘ब्रेकिंग न्यूज नेटवर्क’च्या चालकांवर हाच आरोप ठेवला गेला: न्यूयॉर्कच्या बड्या अधिकाऱ्यांच्या पेजरवरचे संदेश टिपून ते माध्यमांना पुरवल्याचा. पेजर किती उघडे होते याचा पुरावा पुढे जगासमोर आला. ११ सप्टेंबर २००१ च्या सुमाराचे पाच लाखांहून अधिक पेजर-संदेश विकिलीक्सने २००९ मध्ये प्रसिद्ध केले.

स्मार्टफोनने पेजर संपवला, आणि ऐकण्याला मर्यादाच उरली नाही. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांतल्या संशयिताचा शोध चालू असताना तिथल्या पोलिसांची बोलणी इंटरनेटवरून हजारो लोक ऐकत होते. झडती चाललेल्या घरांचे ठावठिकाणे जाहीर करू नका, असं पोलिसांना बजावावं लागलं. आसपासच्या गुन्ह्यांची खबर फोनवर देणारं, २०१६ मध्ये आलेलं ‘व्हिजिलँटी’ ॲप ॲपलने काढून टाकलं. पुढच्या वर्षी ते ‘सिटिझन’ नावाने परतलं. त्याच्या मागेही पगारी माणसं स्कॅनरच ऐकत बसलेली.

आता पोलीस दलं एकेक करून आपला रेडिओ एन्क्रिप्ट करत आहेत, म्हणजे बाहेरच्याला बोलणी कळू नयेत अशी कुलूपबंद करत आहेत. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. पत्रकारांचा त्याला विरोध आहे आणि तो रास्त वाटतो, कारण पोलिसांच्या निवेदनाआधी घटनास्थळी पोचण्याची त्यांची वाटच बंद होते. दुसरीकडे ‘पल्सपॉइंट’सारखी ॲप अग्निशमन दलांच्याच संगणकातून वर्दी उचलून थेट फोनवर दाखवतात. मध्ये ऐकणारा कोणी लागत नाही. मात्र दल जेवढं दाखवील तेवढंच दिसतं.