सूर्याची चौकट

उभा आयत काढा आणि त्याच्या पोटातून एक आडवी रेघ न्या. झाली कांजी, म्हणजे जपानी लिखाणातलं चिनी मूळचं चिन्ह. जपानी मुलं पहिलीत ८० कांजी शिकतात, त्यांतली ही एक. अर्थ सूर्य, आणि दिवससुद्धा. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर कोरलेल्या लेखांत ती गोलसर किंवा कोनदार चौकट आणि आत ठिपका किंवा रेघ अशी दिसते.

लिहिताना रेघा चारच. आधी डावी उभी. मग वरची आडवी आणि हात न उचलता तिथूनच खाली वळणारी उजवी. मग मधली, आणि तळ शेवटी. नवशिके चौकट आधी बंद करतात आणि मधली रेघ मागाहून कोंबतात. आत भरावं, मग दार लावावं. मध्ये दोन रेघा पडल्या तर ‘डोळा’ होतो, डोक्यावर छोटी तिरकी रेघ आली तर ‘पांढरा’.

खरी कसोटी उच्चारांची. निचि आणि जित्सु हे चीनमधून आलेले, हि आणि का हे अस्सल जपानी. आपण ‘२रा’ लिहितो आणि ‘दुसरा’ वाचतो, ‘दोनरा’ नव्हे. अगदी तसंच हे. म्हणून उच्चारांची यादी घोकण्यात अर्थ नाही, शब्दच पाठ करावेत: माइनिचि (रोज), क्यूऽजित्सु (सुट्टीचा दिवस), निचियोऽबि (रविवार). या शेवटच्या शब्दात हीच कांजी दोनदा येते: सुरुवातीला निचि, शेवटी ‘हि’चा झालेला बि. पहिलीचा अर्थ सूर्य, दुसरीचा दिवस, म्हणजे आपला रविवारच! ‘आता’ आणि ‘दिवस’ या दोन कांजी शेजारी आल्या की ‘आज’, उच्चार क्योऽ. त्यात कुठलं अक्षर कशाचं, हे शोधू नये, सापडत नाही.

तारखा मात्र छळतात. ‘एक’ आणि ‘दिवस’ मिळून महिन्याची १ तारीख असेल तर त्सुइताचि, नुसता एक दिवस असेल तर इचिनिचि. २ ते १० ला ‘का’ लागतो: फुत्सुका, मिक्का, योक्का. ११ पासून निचि सुरू होतो, पण १४, २० आणि २४ पुन्हा ‘का’कडे वळतात. सगळ्यांत फसवी जोडी ४ आणि ८ ची: योक्का आणि योऽका. पहिलीत ‘क’ अडतो, दुसरीत ‘यो’ लांबतो. फोनवर तारीख ठरवताना वारही विचारून घ्यावा. एकाच महिन्यातल्या ४ आणि ८ तारखांचा वार कधीच एक नसतो.