हाय-लेव्हल कॅरॅक्टर आणि त्यांची ॲडव्हेंचर्स

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र वठवायच्या खेळात, खूप सेशन्स खेळून, अनेकदा मरता मरता वाचून जे पात्र लेव्हलच्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पोचतं त्याला हाय-लेव्हल कॅरॅक्टर म्हणतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ही शिडी २० पायऱ्यांची आहे, शेवटच्या पायरीला ३,५५,००० एक्सपीरियन्स पॉइंट लागतात, आणि साधारण ११ व्या लेव्हलपासून पुढच्यांना हाय-लेव्हल म्हणायची पद्धत आहे. १७ व्या लेव्हलला विझार्डच्या (जादूगाराच्या) हातात नवव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे स्पेल (मंत्र) येतात, तिथून तर खेळाचा पोतच बदलतो. बहुतेक कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या सलग कथा, तिथवर पोचत नाहीत, कुणाची बदली होते, कुणाचं लग्न होतं, कुणी पुण्याला जातो आणि टेबल मोडतं, म्हणून जी पोचतात त्यांच्या आठवणी लोक वर्षानुवर्षं सांगत बसतात.

लो-लेव्हल आणि हाय-लेव्हलमधला फरक नाशिककराला समजवायचा तर हरिहर गड घ्या. त्र्यंबक रांगेतला हा किल्ला, कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, हात रोवायला खोबणी, आणि खाली बघितलं की पोटात गोळा. पहिल्या लेव्हलच्या पार्टीला (पात्रांच्या टोळीला) हा गड चढणं हेच एक पूर्ण सेशन आहे, दोर किती आहे, चिलखत घातलेला फायटर घसरला तर कोण धरणार, वरून दगड आले तर काय, प्रत्येक पायरीला फाशांचा रोल. पाचव्या लेव्हलला विझार्ड फ्लाय हा उडायचा स्पेल टाकून एकाला वर सोडतो. १३ व्या लेव्हलला टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे पोचवणारा स्पेल) आला की पायऱ्यांचा प्रश्नच संपतो, पार्टी पायथ्याच्या निरगुडपाड्याला चहा पिऊन थेट माथ्यावर. डीएमनं (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरनं) महिनाभर बसून काढलेला नकाशा तसाच राहतो, आणि इथेच बरेच डीएम कंटाळतात, म्हणतात वरच्या लेव्हलला मजा नाही. मला हे पटत नाही, कारण गड चढणं सोपं झालं म्हणून गड कुणाचा, तो कुणाला द्यायचा, खालच्या गावाचं काय करायचं हे प्रश्न काही सोपे होत नाहीत, उलट तेव्हाच ते पहिल्यांदा टेबलावर येतात.

खेळाची सुरुवातीची मंडळी हे सगळं जगलेली आहेत. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचं, पहिली छपाई जेमतेम १,००० प्रतींची. गायगॅक्सच्या अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावच्या घरी ग्रेहॉक नावाच्या काल्पनिक किल्ल्याखालच्या भुयारांत जो खेळ चालायचा त्यातली पात्रं आजही नियमांच्या पुस्तकात सापडतात, फक्त बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. मॉर्डनकाइनन हा गायगॅक्सचा स्वतःचा विझार्ड. रॉब कुंट्झ त्याच्यासोबत डीएम झाला तेव्हा गायगॅक्सलाही खेळाडू म्हणून बसायला मिळालं. टेन्सर हे नाव म्हणजे गायगॅक्सच्या मुलाच्या अर्नेस्ट या नावाची अक्षरं उलटसुलट केलेली, त्याचीच ती हवेत तरंगणारी तबकडी जिच्यावर आपण आजही खजिना लादतो. मेल्फ हे दुसऱ्या मुलाचं, ल्यूकचं पात्र, ॲसिड ॲरो या स्पेलवाला. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड उलटा वाचलेला. घरातल्या पोरांनी आणि मित्रांनी खेळलेली पात्रं मोठी होत गेली, त्यांनी स्वतःचे स्पेल बनवले असं मानलं गेलं आणि ती नावं जगभर गेली, मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

त्याच टेबलावरचा रॉबिलार हा कुंट्झचा फायटर. धाडसी, स्वार्थी आणि प्रचंड हुशार. ग्रेहॉकच्या भुयारात कोंडलेले नऊ डेमिगॉड (अर्धदेव) त्यानं मोकळे केले आणि त्याचे परिणाम त्या दुनियेला पुढे कायम भोगावे लागले. हाय-लेव्हल म्हणजे नेमकं काय ते इथे दिसतं, एका खेळाडूच्या एका निर्णयानं सगळ्यांच्या कॅम्पेनचा इतिहास वळतो.

हाय-लेव्हल ॲडव्हेंचरांत टूम ऑफ हॉरर्सचं नाव पहिलं घ्यावं लागतं. गायगॅक्सनं हे १९७५ मध्ये ओरिजिन्स या गेमिंग संमेलनात स्पर्धेसाठी चालवलं, १९७८ ला छापलं, लेव्हल १० ते १४ साठी. ॲसेररॅक नावाच्या डेमिलिचचं (मेल्यावरही उरलेल्या जादूगाराचं) थडगं, ज्यात मारामारी फार थोडी आणि सापळे भरपूर. भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड उघडं आणि आत नुसता काळोख, त्यात जो शिरला तो संपला, वाचायला सेव्हचा रोल नाही, काही नाही, कारण तो काळोख म्हणजे स्फिअर ऑफ ॲनायहिलेशन, शिवेल ते नष्ट करणारा गोळा. हिट पॉइंट (पात्रात जीव किती उरला त्याचा आकडा) १०० असोत की १० तिथे सारखेच. ज्यांना आपल्या कॅरॅक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) फार भरवसा होता त्यांच्यासाठीच हे लिहिलेलं. त्याच १९७८ सालात जायंट लोकांविरुद्धची तीन भागांची मालिका आणि तिथून जमिनीखालच्या ड्रो या काळ्या एल्फांपर्यंत नेणारी मालिका आली, आणि १९८० मध्ये तोच धागा थेट कोळ्यांच्या देवीच्या, लोल्थच्या, दारात जाऊन पोचला. गावावर हल्ला करणाऱ्या राक्षसांपासून सुरू करून देवीपर्यंत जायचं हा आराखडा आजही चालतो.

आकड्यांच्या बाबतीत मात्र लोक वाहवत गेले. १९८० च्या दशकात डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या) नियमांच्या पेट्या निघाल्या त्यांत लेव्हल ३६ पर्यंत आणि त्यापुढे अमर होण्याची सोय होती, १९८८ च्या एका ॲडव्हेंचरवर तर लेव्हल १८ ते १०० असं लिहिलेलं, चौथ्या आवृत्तीत शिडी ३० ची झाली. लेव्हल १०० ची यादगार गोष्ट सांगणारा मला तरी कुणी भेटला नाही.

जुन्या नियमांतली एक गोष्ट परत यायला हवी असं मनापासून वाटतं, ती म्हणजे नेम लेव्हल. फायटर नवव्या लेव्हलला पोचला की तो लॉर्ड व्हायचा, किल्ला बांधायचा, माणसं त्याच्याकडे चाकरीला यायची, क्लेरिकही (पुरोहितही) देऊळ-मठ उभं करायचा. मग खेळ महसूल, शेजारी राजे, वेढे असा व्हायचा. वेढ्याचं सेशन रंगवायचं तर आपल्याकडे दिंडोरीच्या वाटेवर रामशेज उभाच आहे, १६८२ पासून मूठभर मावळ्यांनी मुघल फौजेला वर्षानुवर्षं झुलवत ठेवलेला बुटका डोंगर. आणि पैसा आला की त्याचं करायचं काय हे बघायला पांडवलेणी चढून जायची. दहाव्या लेण्यात उषवदाताचे शिलालेख आहेत, हा क्षत्रप नहपानाचा जावई, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यांत लिहिलंय की त्यानं ३ लाख गायी दान दिल्या, १६ गावं दिली, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, धर्मशाळा बांधल्या, आणि भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) व्याजानं ठेवले, २,००० एकीकडे आणि १,००० दुसरीकडे, दोन्हीचे व्याजदर वेगळे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं की ही तर रिटायर झालेल्या कॅरॅक्टरची शीट आहे, खजिना कुठे गेला त्याचा चोख हिशोब.

मरणाचं काय, हा नेहमीचा आक्षेप. नवव्या लेव्हलला क्लेरिककडे रेझ डेड हा मेलेल्याला उठवणारा स्पेल येतो, ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा आणि दहा दिवसांची मुदत, पुढे १७ ला ट्रू रेझरेक्शन, २५,००० च्या हिऱ्यांवर २०० वर्षांपूर्वी मेलेलाही परत. म्हणून मरणाची भीती राहत नाही म्हणतात. पण कायमचं गमावायची भीती राहतेच, विश आहे ना, नवव्या दर्जाचा, हवं ते मागता येणारा स्पेल. त्यानं दुसरा एखादा स्पेल नुसता नक्कल केला तर ठीक, पण मनातलं काही वेगळं मागितलं तर ३३ टक्के शक्यता की तुम्हाला विश परत कधीच टाकता येणार नाही.

लेव्हल नसलेले गेमही आहेत. १९७७ च्या ट्रॅव्हलरमध्ये पात्र फारसं सुधारत नाही, रूनक्वेस्टमध्ये एकेक कौशल्य वाढत जातं, कॉल ऑफ कथुलूमध्ये जितकं जास्त कळतं तितकी शुद्ध ढळत जाते. तिथल्या जुन्या पात्रांचा मान वेगळा, पण तो या नोंदीचा विषय नाही.

आमचं नाशिकच्या कॉलेज रोडवरचं टेबल एकदाच १७ ला पोचलं, रविवारी सकाळी मिसळ खाऊन बसायचं आणि अंधार पडला की उठायचं असं जवळपास चार वर्षं. आमची विझार्ड खेळणारी ताई, तिच्या पात्रानं शेवटच्या लढाईत विश राखून ठेवला होता, आम्ही सगळे ओरडत होतो की ड्रॅगनला संपव, पण तिनं तो वापरला पुरात वाहून गेलेलं एक गाव परत आणायला, ज्या गावात आम्ही दुसऱ्या लेव्हलला एक रात्र मुक्काम केला होता आणि आमच्यापैकी बाकी कुणाला त्याचं नावसुद्धा आठवत नव्हतं. डीएमनं डाइस टाकले, २१ आले, म्हणजे ३३ च्या आत, विश कायमचा गेला. ड्रॅगनशी आम्ही तलवारींनी लढलो, दोघं मेले, एकाला परत आणायला हिरा पुरला.

त्या पात्रानं पुढे उरलेल्या सोन्यातून त्याच गावच्या नदीवर होडी ठेवली, पैसे घ्यायचे नाहीत या अटीवर, ही कल्पना ताईनं पांडवलेण्यातूनच उचललेली. सध्या नवीन कॅम्पेन चालू आहे, सगळे पहिल्या लेव्हलला, खिशात चार तांब्याची नाणी, आणि दुसऱ्याच सेशनला नदी आडवी आली. डीएम म्हणाला होडीवाला पैसे मागत नाहीये. नवीन आलेल्या पोरानं विचारलं का, तर ताई काही बोलली नाही, तिनं नुसती जुनी शीट फाइलमधून काढून त्याच्यासमोर ठेवली.