ब्लॉक एक्सप्लोररची उभारणी

ब्लॉकचेन जाळ्यातील ब्लॉक, व्यवहार, खाती आणि स्मार्ट करार (साखळीवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम) यांची माहिती कोणालाही ब्राउझरमध्ये शोधून वाचता यावी, अशी सोय करणाऱ्या प्रणालीस ब्लॉक एक्सप्लोरर म्हणतात. मूळ नोंदी नोडकडे, म्हणजे जाळे चालवणाऱ्या संगणकांकडे, असतातच. परंतु नोड त्या ब्लॉकचा क्रमांक किंवा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) दिल्यावर देतो, आणि अमुक पत्त्यावरून आजवर कोणते व्यवहार झाले, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे तयार नसते. ते तयार ठेवणे हेच एक्सप्लोररचे खरे काम होय.

इथेरियम या ब्लॉकचेनचे मुख्य जाळे ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी इथरस्कॅन हा त्याचा एक्सप्लोरर आला. पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाने प्रयोगशाळेत इथेरियमच्या धर्तीवर चाचणी जाळे उभारले, तर ते अशा सार्वजनिक एक्सप्लोररवर दिसत नाही. तेथे स्वतःचा एक्सप्लोरर लागतो. त्यासाठी ब्लॉकस्काउट ही एलिक्सिर भाषेतील मुक्तस्रोत प्रणाली सोयीची आहे. नोडचा पत्ता, साखळीचा ओळखक्रमांक आणि चलनाचे नाव सेटिंगमध्ये भरून ती डॉकरवर (प्रोग्रॅम तयार पेटीत बंद करून चालवणारे साधन) चालवता येते. तिचा इंडेक्सर, म्हणजे नोंदी सूचीबद्ध करणारा भाग, नोडकडून एकेक ब्लॉक मागवून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये साठवतो.

अडचणी बहुधा नोडपाशी येतात. गेथ या इथेरियमच्या नोड-सॉफ्टवेअरचा साधा नोड खात्यांची जुनी स्थिती छाटत जातो, त्यामुळे करारांमधले जुने अंतर्गत व्यवहार मिळवायचे तर सर्व जुनी स्थिती जपणारा आर्काइव्ह नोड लागतो आणि डिस्कची गरज बरीच वाढते. शिवाय ताजा ब्लॉक अंतिम नसतो: इथेरियमवर दर १२ सेकंदांनी नव्या ब्लॉकची संधी असली, तरी अंतिमता, म्हणजे ब्लॉक पुढे बदलणार नाही अशी अवस्था, यायला साधारण १३ मिनिटे लागतात. तेवढ्यात साखळीचे टोक बदलले, तर इंडेक्सरने मागील ब्लॉकचा हॅश ताडून चुकीच्या नोंदी बाजूला काढल्याच पाहिजेत. नाहीतर न झालेला व्यवहार झालेला दिसतो. टोकनच्या दशांश स्थळांबाबतही अशीच काळजी हवी, कारण साखळीवर रक्कम पूर्णांकात असते. यूएसडीसी या डॉलरशी जोडलेल्या टोकनला ६ स्थळे आहेत. ती १८ धरल्यास १ टोकनची रक्कम ०.०००००००००००१ अशी दिसेल.

कराराच्या मूळ मजकुराची पडताळणी ही एक्सप्लोररची सर्वांत मोलाची सेवा मानावी लागेल. दिलेला मजकूर त्याच आवृत्तीच्या कंपायलरने, त्याच सेटिंगसह संकलित करून निघालेला बाइटकोड (यंत्राला चालवता येणारे रूप) साखळीवरील बाइटकोडशी ताडला जातो. तो जुळला, तरच करारात नेमके काय लिहिले आहे, हे त्यात पैसे घालणाऱ्याला वाचता येते.

परवानाधारित, म्हणजे परवानगी असलेल्यांनाच सहभागी होऊ देणाऱ्या, जाळ्यांचा प्रश्न निराळा आहे. इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय ब्लॉकचेन आराखड्यातील ‘विश्वस्य’ या सेवेची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या डेटा सेंटरांत आहे, आणि आराखड्याच्या घडणीत पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संगणन संस्थेचा सहभाग आहे. नागरिकांचे दाखले हाताळणाऱ्या अशा जाळ्यांत एक्सप्लोरर सर्वांना खुला ठेवणे योग्य नव्हे. तो लॉगिनमागे असावा, आणि साखळीवर दाखल्याच्या मजकुराऐवजी फक्त त्याचा हॅश असावा, म्हणजे पडताळणाऱ्याला हातातला दाखला अस्सल आहे की नाही, एवढेच कळते.