युद्ध टळू शकतं का? जुलै 1914 ची पार्श्वभूमी

युद्धाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, माणसाच्या रक्तातच आहे ते. सुदानमधे जेबेल सहाबाला सुमारे 13,000 वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत बाण-भाल्यांच्या खुणा असलेली हाडं सापडलीत, म्हणजे मारामारी जुनीच. पण एखादं युद्ध नेमकं त्याच आठवड्यात का पेटतं, याचं उत्तर रक्तात मिळत नाही.

पहिल्या महायुद्धाचंच घ्या. साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाला घातलेली गोळी सगळ्यांना माहितीये, खरा घोळ महिनाभरानंतरचा आहे, जेव्हा त्यावरून ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं आणि रशिया सर्बियाच्या पाठीशी उभा राहिला. 29 जुलै 1914 ला रशियाच्या झारने पूर्ण सैन्य जमवायचा हुकूम दिला, जर्मन सम्राटाची तार आल्यावर रात्री तो फिरवून फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूची जमवाजमव चालू ठेवली, आणि 30 ला दुपारी सेनापती न् परराष्ट्रमंत्री मागे लागले म्हणून पुन्हा पूर्ण जमवाजमवीला होकार दिला. कारण काय, तर अर्धवट जमवाजमव केली की पुढे रेल्वेचं सगळं वेळापत्रक कोलमडेल! तिकडे जर्मनीचा प्लॅनच असा होता की रशिया तयार व्हायच्या आत बेल्जियममधून घुसून फ्रान्सला आडवं करायचं, त्यामुळे रशिया हलला की त्यांना थांबायला जागाच उरली नाही. 1 ऑगस्टला जर्मन सम्राट म्हणाला, सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवा, तर सरसेनापतीने हात वर केले, आता जमणार नाही. नंतर रेल्वे विभागाच्याच एका जनरलने पुस्तक लिहून दाखवून दिलं की गाड्या वळवता आल्या असत्या. युद्ध संपल्यावर 1919 च्या व्हर्सायच्या तहात दोष जर्मनीवर आणि तिच्या साथीदारांवर टाकला, पण 30 जुलैची ती दुपार त्यात कुठेच नाही आणि ते मला पटत नाही.

किंमत कोणी मोजली? ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली सहावी पुणे डिव्हिजन 29 एप्रिल 1916 ला इराकमधल्या कुत गावी जर्मनीच्या बाजूच्या तुर्कांना शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि कैदी म्हणून उन्हातान्हात चालवत नेलेले कितीतरी जवान घरी आलेच नाहीत.

1928 मधे युद्धच बेकायदा ठरवणारा करार झाला, त्याने काही थांबलं नाही. उपयोग झाला तो साध्या, कंटाळवाण्या गोष्टींचा. 1962 मधे क्युबावरून जग कडेलोटापर्यंत गेलं तेव्हा वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन्ही राजधान्यांमधे निरोप पोचायला तासन् तास लागत होते, म्हणून 1963 मधे हॉटलाइन टाकली. आपल्याकडे, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा भारत-पाकिस्तान करार 1988 मधे झाला आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला दोघं त्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिल्या, आणि 2002 मधे सीमेवर दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं असतानाही दिल्या.