आडवा वारा आणि उशिरा पोचणारी गोळी

लांब पल्ल्यावरून हरणाची शिकार करणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘गोळी जितकी वेगवान, तितकी वाऱ्याला सवड कमी.’ हे इतकं सरळ वाटतं की त्यावर कुणी वाद घालत नाही. काडतुसं विकणारेही याच वाक्यावर माल खपवतात. नळीतून सुटतानाचा वेग खोक्यावर ठसठशीत छापलेला असतो, आणि तो सेकंदाला हजार मीटरच्या वर गेला की घेणाऱ्याचे डोळे चमकतात. पण वाक्य चूक आहे, आणि रायफल निवडताना ही चूक महागात पडते.

तीन गोळ्या घेऊ. पहिली .२२-२५० रेमिंग्टन या काडतुसाची, ५५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम वजनाची. ती सेकंदाला सुमारे ११२० मीटर वेगाने सुटते. दुसरी .३०८ विंचेस्टरची, १७५ ग्रेनची, वेग ७९०. तिसरी ६.५ क्रीडमोरची, १४३ ग्रेनची, वेग ८२०. निशाण ५०० मीटरवर आणि आडवा वारा सेकंदाला ४ मीटर, म्हणजे पानं सळसळत ठेवणारी मध्यम झुळूक. पहिली गोळी सुमारे ०.७० सेकंदात पोचते, तिसरी ०.७२ मध्ये, दुसरी ०.७८ मध्ये. ‘सवड’ सगळ्यात कमी मिळाली पहिलीला. तरी वाऱ्याने सगळ्यात जास्त सरकते तीच: जवळजवळ एक मीटर. .३०८ सरकते साठ सेंटिमीटर, आणि ६.५ फक्त पंचेचाळीस.

शाळेतल्या गणिताने बघावं, तर वाऱ्याचा वेग गुणिले वेळ असं उत्तर यायला हवं. .३०८ साठी ते येतं ३.१ मीटर. प्रत्यक्षात त्याच्या पाचव्या भागाइतकंच. म्हणजे वारा गोळीला सोबत घेऊन जातो ही समजूतच कुठेतरी बिघडलेली आहे.

ती सुधारायला जमिनीवरून उठू आणि वाऱ्याबरोबर तरंगणाऱ्या एका मोठ्या फुग्याच्या टोपलीत बसू. इथून पाहिलं तर वारा नाहीच. हवा ठप्प आहे आणि खालची जमीन आडवी सरकते आहे. रायफलही जमिनीबरोबर सरकते आहे, म्हणून तिच्यातून सुटलेल्या गोळीला पुढच्या ७९० च्या वेगाबरोबर ४ मीटरचा आडवा वेगही मिळालेला दिसतो, वाऱ्याच्या उलट दिशेने. गोळी किंचित तिरकी निघाली. आता हवेचा रोध सुरू होतो. स्थिर हवेत रोध गोळीच्या वाटेच्या नेमका उलट लागतो. तो वेग खातो, पण दिशेला हात लावत नाही. म्हणून वरून बघता गोळी त्याच तिरक्या रेषेत जात राहते. हा तिरकेपणा ७९० ला ४ या प्रमाणात आहे, म्हणजे ५०० मीटर पुढे जाईतो ती वाऱ्याच्या उलट अडीच मीटर सरकते. पण तेवढ्या ०.७८ सेकंदात फुगा स्वतः ३.१ मीटर वाहून गेला. वजाबाकी करा: साठ सेंटिमीटर.

सूत्रात मांडायचं तर सरकणं = वाऱ्याचा आडवा वेग × (प्रत्यक्ष लागलेला वेळ − हवाच नसती तर लागला असता तो वेळ). फ्रेंच तोफखान्यातले १९व्या शतकातले अधिकारी इझिदोर दिदियाँ यांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. कंसातल्या वजाबाकीला आपण ‘विलंब’ म्हणू. गोळी किती वेळ हवेत होती याला महत्त्व नाही. हवेने तिला किती उशीर करवला त्याला आहे. .३०८ चा विलंब ०.१५ सेकंद, ६.५ चा ०.११ आणि त्या वेगवान पोरीचा ०.२५. ती सुटली झोकात, पण हवेने वाटेत तिची पार दमछाक केली.

हेच जमिनीवरून पाहिलं तर आणखी मजा आहे. नळीतल्या पिळदार आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते. ६.५ क्रीडमोरच्या नळीत साधारणपणे ८ इंचात एक फेरा असतो, म्हणजे मिनिटाला सुमारे २,४०,००० फेरे. अशी फिरणारी गोळी वातकुक्कुटासारखं आपलं नाक येणाऱ्या हवेकडे वळवून घेते. आडवा वारा असेल तर हवा समोरून नाही, जराशी बाजूने येते, सुमारे ०.३ अंशांनी. तेवढं नाक वाऱ्याकडे वळतं. आता रोध काही बारीकसारीक बल नव्हे. नळीतून सुटताना तो .३०८ च्या गोळीच्या वजनाच्या सुमारे पन्नास पट असतो. गोळी ०.३ अंश तिरकी असल्याने या रोधाचाही एक छोटासा अंश आडवा पडतो, गोळीच्या वजनाच्या पाव पटीएवढा. तोच तिला बाजूला खेचतो. वारा कुशीवर ढकलत नाही, रोध मागून वाकडा ओढतो! आणि हे खरं असेल तर रोधावर मात करणारा जोर मागून लावला की गोष्ट उलटी व्हायला हवी. होतेही: इंजिन पेटलेलं असताना पंखांचं रॉकेट वाऱ्याबरोबर जाण्याऐवजी वारा जिकडून येतो तिकडे वळतं.

हवेच्या रोधाला एवढं महत्त्व आहे हे बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्येच दाखवलं होतं. टांगलेल्या जड लोलकावर गोळी मारून, लोलक किती झुलला यावरून ते वेग काढत. लोलक दूर नेला की वेग किती घटतो ते दिसे. पुढे १८८६-८७ मध्ये एर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर यांनी उडत्या गोळीपुढची आघातलहर छायाचित्रात पकडली. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीची बरीचशी शक्ती या लहरीच उधळण्यात जाते.

तेव्हा निवड करताना बघायचा आकडा सुटण्याच्या वेगाचा नव्हे, तो वेग टिकवण्याच्या क्षमतेचा. याला बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात. तो जितका मोठा, तितका रोधाचा परिणाम कमी. त्याच्या पोटात दोन गोष्टी आहेत: व्यासाच्या मानाने वजन किती, आणि आकार किती निमुळता. लांब, सडपातळ, शेपटाकडे निमुळती होत गेलेली गोळी इथे जिंकते. अशी लांब गोळी स्थिर राहायला नळीत घट्ट पीळ लागतो. जुन्या सैल पिळाच्या नळीतून ती नीट जात नाही, हे काडतूस घेण्याआधी तपासावं.

उरलेला जामानिमा थोडक्यात. गोळी खाली पडते हे सर्वांना ठाऊक असतं, आणि ‘गोळी आधी वर उठते’ असंही काहींना वाटतं. ती उठत नाही; नळीच दुर्बिणीच्या रेषेला किंचित वर रोखलेली असते. १०० मीटरवर नेम जुळवलेली .३०८ पाचशे मीटरवर दोनेक मीटर खाली लागते, पण ही घट दर वेळी तीच असते. लेझरने अंतर मोजा, दुर्बिणीची फिरकी खटके मोजून फिरवा, झालं. ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं छोटं माप) एक खटका १०० मीटरवर एक सेंटिमीटर, ५०० मीटरवर पाच. अंतर डोळ्यांनी अजमावून २० मीटर चुकलात, तर ५०० मीटरवर चौदा-पंधरा सेंटिमीटरचा घोटाळा. लेझर म्हणूनच घ्यावा, चार पैसे दुर्बिणीवर कमी खर्च झाले तरी चालतील.

मग येतात भोळसटपणाचे प्रकार. पृथ्वीच्या फिरण्याने गोळी सरकते म्हणून कोरिऑलिसचा हिशेब करणारे खूप भेटतात. हिशेब खरा आहे, पण मध्यम अक्षांशावर ५०० मीटरला तो दोन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला एकच मीटर चुकला तर .३०८ साठी पंधरा सेंटिमीटर. दमट हवा ‘जड’ म्हणून गोळी अडते, हीही एक समजूत. पाण्याच्या रेणूचं वजन १८ आणि कोरड्या हवेचं सरासरी २९. दमट हवा उलट हलकी असते. चंद्राच्या कला पाहून हरणं कधी बाहेर पडतील ते सांगणाऱ्या तक्त्यांबद्दल काय बोलावं? हरणं पहाटे आणि सांजवेळी हिंडतात, ते कळायला तक्ता लागत नाही.

खरी मर्यादा वाऱ्याच्या अंदाजाची आहे. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-बारा. अनुभवी माणूसही गवताकडे आणि दुर्बिणीतल्या थरथरत्या हवेकडे पाहून वारा सेकंदाला दोन मीटरने चुकवू शकतो, त्यात दरीपलीकडचा वारा वेगळाच असतो. शिवाय नळीजवळच्या वाऱ्याचा वाटा मोठा, कारण सुरुवातीला पडलेला कोन पुढचं सगळं अंतर भोगायचा असतो. ६.५ क्रीडमोरसाठी दोन मीटरची चूक ३०० मीटरवर सुमारे ८ सेंटिमीटर होते. ५०० वर ती २३. अंतर वाढतं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, किंबहुना थोडं जास्तच. शिवाय अर्धापाऊण सेकंदात सेकंदाला एक मीटरने चालणारं हरीण सत्तर सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, आणि पोटात गोळी बसलेलं जनावर तासन् तास तडफडतं.

आणखी एक हिशेब शिकाऱ्याच्या गोळीलाच लागू होतो. ती लागल्यावर उमलली पाहिजे, आणि बऱ्याच गोळ्यांना त्यासाठी सेकंदाला ५०० ते ५५० मीटर वेग लागतो. .३०८ पाचशे मीटरला सुमारे ५१० वर आलेली असते, म्हणजे काठावर, ६.५ अजून ५८० वर. लांबचा विचार असेल तर माझी पसंती ६.५ ला, जास्त दारूच्या मॅग्नम काडतुसांच्या धक्क्याला नाही.

स्वतःच्या काडतुसाचा विलंब काढणं अवघड नाही. फोनवरच्या बॅलिस्टिक ॲपमध्ये सुटण्याचा वेग आणि कोएफिशंट भरला की प्रत्येक अंतराचा वेळ मिळतो. त्यातून अंतर भागिले सुटण्याचा वेग वजा करायचं. उत्तर १०० ने गुणलं की वाऱ्याच्या दर मीटरमागे किती सेंटिमीटर, ते आलं. ३००, ४००, ५०० चे तीन आकडे कागदावर लिहून रायफलच्या दस्त्यावर चिकटवावेत, आणि त्यांच्या खाली आपल्या वाऱ्याच्या अंदाजात नेहमी किती चूक होते तेही, प्रामाणिकपणे.