बिऱ्हाडं तीन, वर्डप्रेस एकच

मिठाईवाले, दातांचे डॉक्टर आणि एक ट्रेकिंग ग्रुप अशा तीन क्लायंटच्या वेबसाईट मी एकदा एकाच वर्डप्रेसवर, म्हणजे साईट चालवणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरवर, बसवल्या होत्या. मिठाईवाल्यांच्या फोटो गॅलरीचं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा जादा कोड) आळसापोटी तिन्ही साईटना चालू ठेवलेलं, ते रात्री अपडेट केलं आणि सकाळी डॉक्टरांचा फोन, "अहो, साईट नुसती पांढरी दिसतेय!" त्यांच्या साईटवर गॅलरी नव्हतीच, पण कोड तिघांचा एकच ना.

एकाच वर्डप्रेसवर अशा अनेक साईट चालवणं, याला मल्टिसाईट म्हणतात. आता सर्व्हर एक, त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) एक, मग कोणाचं पान दाखवायचं हे कळतं कसं? वाड्यात पोस्टमन पाकिटावरचं नाव बघतो तसंच. ब्राउझर पान मागताना 'होस्ट' म्हणून एक ओळ पाठवतो, त्यात डोमेनचं, म्हणजे साईटच्या पत्त्यातलं, नाव असतं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या 1997 च्या 1.1 आवृत्तीत ही ओळ सक्तीची झाली, त्याआधी साधारणपणे प्रत्येक डोमेनला वेगळा आयपी लागायचा.

ते नाव वर्डप्रेस आपल्या यादीत शोधतं, त्या नावासमोर लिहिलेला साईटचा नंबर घेतं, आणि समजा 7 निघाला तर मजकूर 'डब्ल्यूपी_7_पोस्ट्स' या टेबलमधून उचलतं. डेटाबेस एकच, पण प्रत्येक साईटला स्वतःची 10 टेबलं, म्हणजे वीस क्लायंट झाले की दोनशे टेबलं आणि वर थोडी सामाईक. फोटोंचे फोल्डरही नंबरनेच. आधी हे वर्डप्रेस एमयू नावाचं वेगळं प्रकरण होतं, जून 2010 मध्ये 3.0 आवृत्तीत ते मूळ वर्डप्रेसमध्येच आलं. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार साईट देणारी सेवा चालते ती याच पद्धतीवर.

खरी गंमत सामाईक टेबलांत आहे, कारण युजर सगळ्यांचे एकत्र असतात. ट्रेकिंगच्या साईटवर खातं असलेला माणूस डॉक्टरांकडे त्याच ईमेलने नोंदणी करायला गेला की उत्तर येतं, हा ईमेल आधीच वापरलाय. तो चक्रावतो, इथे तर मी पहिल्यांदाच आलोय! ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मल्टिसाईटमध्ये कोड एक पण सहसा प्रत्येक साईटला डेटाबेस वेगळा, त्यामुळे ही भानगड होत नाही, फक्त अपडेटनंतर प्रत्येक डेटाबेस वेगळा अद्ययावत करावा लागतो.

एकाच कॉलेजचे दहा विभाग असतील तर मल्टिसाईट झकास, थीम एक, मालक एक, अपडेट एकदाच. पण एकमेकांना न ओळखणारे क्लायंट असतील तर माझं मत नाहीच, कारण त्यातला एक कधीतरी म्हणणार, आमची साईट आम्हाला द्या. वर्डप्रेसच्या तयार एक्सपोर्टमधून (मजकूर बाहेर काढायच्या सोयीतून) लेख आणि पानं निघतात, पण सेटिंग्ज मागेच राहतात.

डॉक्टरांची साईट मी शेवटी वेगळी काढली. दोन रात्री गेल्या, त्यातली एक निव्वळ फोटोंचे पत्ते बदलण्यात.